गोकर्णहून केलेला फोन

कराडच्या अलीकडे एका ढाब्यावर त्याने मेथीची भाजी दुसऱ्यांदा मागवली आणि माझं स्वतःच्या जेवणावरचं लक्षच उडालं.

मेथी मागवली तर त्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण या माणसाच्या हृदयात तीन वर्षांपासून धातूची झडप आहे. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्याला रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते. पालेभाज्या जास्त झाल्या की गोळीचा जोर कमी होतो, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. त्यामुळे लग्नाच्या जेवणात अळूच्या भाजीवर हात आडवा धरणारा, पोह्यांवरची कोथिंबीर चमच्याने बाजूला सारणारा असा तो आम्हाला सवयीचा झाला होता. त्याच्या बायकोने तर घरात मेथीची जुडी आणणंच सोडून दिलं होतं. आणि आता हा गडी भाकरी मोडून मोडून मेथी ओढत होता.

"अरे, पाला खातोयस," मी म्हणालो.

"ट्रिपमध्ये सगळं माफ. आणि तू माझ्या ताटात बघू नकोस, तुझं पिठलं गार होतंय."

आम्ही तिघे कॉलेजपासूनचे मित्र, आता पन्नाशी ओलांडलेले. तो इंजिनिअर, वारज्याला राहतो. मी कोथरूडचा. गाडी तिसऱ्याची होती. त्याचं रविवार पेठेत वडिलांच्या वेळेपासून कुलपांचं दुकान आहे. गाडी चालवताना कुणी काही सुचवलेलं त्याला खपत नाही, स्वतः मात्र अखंड बोलत असतो. त्याच्या अम्मीने बांधून दिलेले कबाब कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडायच्या आत संपले होते.

माझं काम अपघात झालेल्या गाड्या विम्यासाठी तपासण्याचं. चेपलेलं बॉनेट बघायचं, फुटलेल्या काचा बघायच्या आणि मालकाचं ऐकून घ्यायचं. मालक प्रत्येक वेळी एकच सांगतो, काही होईल असं वाटलंच नव्हतं. या धंद्याने माझा स्वभाव बिघडवून ठेवलाय. रस्त्यावर कुठेही नजर टाकली की पुढे काय फुटणार ते मला आधी दिसतं. कुलूपवाला म्हणतो की मी बसलो की गाडीलाच धास्ती वाटते.

गोकर्णला जायचं ही त्या झडपवाल्याची कल्पना. त्याची मुलगी बंगळूरला नोकरी करते. ती मागच्या वर्षी तिथे सर्फिंग शिकली आणि लाटेत फळीवर उभी असतानाचा स्वतःचा व्हिडिओ तिने बापाला पाठवला. त्याने तो मला इतक्या वेळा दाखवलाय की ती पाण्यात कधी पडते ते मला पाठ आहे. घरी सांगताना मात्र त्याने देवदर्शन आणि किनाऱ्यावर बसणं, एवढंच सांगितलं होतं. निघताना वहिनी गेटपाशी आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून पाठवतेय." मी म्हणालो, "काळजी करू नका." माणूस हे वाक्य फार सहज बोलून जातो.

संध्याकाळी बेळगावला मुक्काम केला, कारण पुढचा घाट कुलूपवाल्याला अंधारात उतरायचा नव्हता. लॉजवर पोचल्यावर मी घरी फोन लावला. आमच्यात याची एक पद्धत आहे. कॉलेजात गड चढायला जायचो तेव्हा तिघांमध्ये फोन एकाच्याच घरी होता, झडपवाल्याच्या. गडाखालच्या गावातून कुणीतरी एक फोन करायचा, त्याच्या आईला "सगळे ठीक" एवढं सांगायचं, आणि ती बाकीच्या दोन घरी निरोप पोचवायची. फोन करणारा मीच असायचो, कारण तो आईशी खोटं बोलतो हे तिलाही माहीत होतं. आता तिघांच्या खिशात फोन आहेत, आई जाऊनही बरीच वर्षं झाली, पण पद्धत सुटलेली नाही. फोन त्याच्याच घरी जातो, वहिनी घेतात, आणि मी स्पीकर लावून म्हणतो, "सगळे ठीक." मग त्या माझ्या बायकोला आणि अम्मीला कळवतात. माझ्या त्या दोन शब्दांवर तीन घरं निवांत झोपतात.

"सगळे ठीक, वहिनी," मी म्हणालो.

"गोळी घेतली का त्याने?"

"घेतली गं!" तो पलंगावरूनच ओरडला.

मी त्याला घेताना पाहिलं नव्हतं. पण मी खाली पाण्याची बाटली आणायला गेलो होतो, तेव्हा घेतली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मात्र आणखी एक गोष्ट मनात अडकून राहिली. त्याच्या फोनवर रोज गोळीच्या वेळेला देवळातल्या घंटेसारखा गजर होतो. नाटकाला गेलो असताना एकदा त्या घंटेने सगळ्या प्रेक्षागृहाला मागे वळायला लावलं होतं. बेळगावात ती वाजली नाही. विचारलं तर म्हणाला, "बंद केलीय. तुम्हाला त्रास नको."

पहाटे मला जाग आली. खोली शांत होती आणि शेजारच्या पलंगावरून त्याच्या झडपेची टिकटिक ऐकू येत होती. लहान मनगटी घड्याळ उशीखाली ठेवल्यासारखा आवाज. एरवी आम्ही त्यावरून त्याची चेष्टा करतो, तू सोबत असलास की घड्याळ लागत नाही म्हणतो. त्या पहाटे मी ती नुसती ऐकत पडलो होतो. एक ठोका जरा उशिरा आल्यासारखा वाटला की मी पुढचे मोजायला लागायचो.

दुसऱ्या दिवशी यल्लापूरच्या पुढे घाट लागला. समोरून लोखंडाच्या खनिजाचे ट्रक वर येत होते, कुलूपवाला चक्क गप्प झाला होता, आणि मी पुढच्या सीटवर बसून आरशातून मागे बघत होतो. तो खिडकीतून झाडी बघत होता. मजेत होता. डावा हात खिडकीवर, उजव्या हाताने मांडीवर ताल धरलेला. एका वळणावर मी वळून विचारलं, "तुला चक्कर वगैरे येत नाही ना?"

"येतेय. तुझ्याकडे बघून."

"त्याला सोड रे," कुलूपवाला म्हणाला. "मला सांग, चक्कर मला आली तर काय करशील?"

दोघे हसले. मला हसू आलं नाही. आणि मी हसलो नाही याचा त्याला राग आला, हेही मला आरशात दिसलं.

गोकर्णला दुपारी पोचलो. सामान टाकून लगेच किनाऱ्यावर गेलो, कारण त्याला धीर नव्हता. नारळाखाली रंगीबेरंगी फळ्या ओळीने उभ्या केल्या होत्या. शिकवणारा काळासावळा, दणकट, तिथलाच. त्याने हिंदीत सगळं समजावून सांगितलं. उद्या सकाळी सात वाजता यायचं, आधी वाळूवर सराव, मग कमरेएवढ्या पाण्यात. फळी कधीकधी उलटून डोक्यावर येते, तेव्हा हात असे धरायचे. मग त्याने एकेकाला विचारलं, "कोई बीमारी? ऑपरेशन? दवाई चालू है?"

मी गुडघा सांगून सुटलो. कुलूपवाला म्हणाला, त्याला पाण्यात जायचंच नाही, तो मासे खायला आलाय.

"आप?"

"कुछ नहीं," माझा मित्र म्हणाला. "एकदम फिट." बोलता बोलता त्याने टी-शर्टचा गळा वर ओढला. त्याखाली छातीच्या मधोमध टाक्यांची खूण आहे.

शिकवणारा पुढे गेल्यावर मी त्याला ओढतच माडाच्या मागे नेलं. "दवाई चालू नाही?"

"नाहीये चालू," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव नव्हता. उलट कुणी विचारायची वाटच बघत असल्यासारखा तो सांगायला लागला. "नीट ऐक. मी अभ्यास केलाय. रक्त पातळ असताना फळी डोक्यात बसली तर आत रक्तस्राव होणार. तो धोका. मग तो धोकाच काढून टाकायचा. गोळी पाच दिवस आधी बंद केली की रक्त नॉर्मल होतं. परत गेलो की चालू. दात काढला तेव्हा डॉक्टरांनीच बंद करायला लावली होती की नाही? काय झालं मला? काही झालं नाही. साधं गणित आहे."

"आणि गुठळी?"

"चार-पाच दिवसांत काही होत नाही रे."

मी विम्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. त्याचं बोलणं ऐकताना मला क्षणभर पटलंसुद्धा. हाच तर त्याचा गुण. तो चुकीची गोष्टही आकृती काढून सांगतो. पण तीन वर्षांपूर्वी दवाखान्यातून त्याला घरी मीच आणलं होतं, आणि सर्जन वहिनींना म्हणाले होते ते माझ्यासमोर म्हणाले होते. जेवण चुकलं तर चालेल, ही गोळी चुकता कामा नये. गुठळी झाली तर मेंदूत जाईल नाहीतर झडपच अडकून पडेल, आणि तेव्हा वेळ मिळणार नाही.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन कर," मी म्हणालो.

"नाही करणार. आणि तूही कुणाला काही बोलायचं नाहीस. आपल्यात राहू दे. एक सकाळ मागतोय तुझ्याकडे. संध्याकाळी फोन करशील तेव्हा तुझे नेहमीचे दोन शब्द बोल, बास."

दुपारभर मी डोकं फोडून घेतलं. कुलूपवाल्याला सगळं सांगितलं. तो पहिल्यांदाच गंभीर झालेला पाहिला. त्याने जाऊन मित्राला समजावलं, शिव्या दिल्या, गाडीची किल्ली लपवायची धमकी दिली. गाडीचा आणि समुद्राचा काय संबंध, असं मित्राने शांतपणे विचारलं. मी फोनवर शोधून वाचायला लागलो आणि अर्ध्यातच फोन उलटा ठेवून दिला. सकाळी लाटेतून बाहेर येताना त्याचं तोंड वाकडं झालंय, एक हात लोंबतोय, असं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. दुसरीकडे वाटत होतं, त्याचं खरं असेल तर? काहीच होणार नसेल, आणि मी त्याची एकुलती एक सकाळ नासवली तर? तीन वर्षांत त्याला एवढा खुशीत मी बघितला नव्हता. राग याचाच येत होता, की त्याने हे ओझं माझ्या गळ्यात मारलं.

सूर्य मावळायच्या बेताला आम्ही तिघे खोलीबाहेरच्या ओट्यावर बसलो. फोनची वेळ झाली. मी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला आणि फोन मधल्या स्टुलावर ठेवला. तो समोरच बसला होता. माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत विनंती नव्हती, खात्री होती.

"हं, बोला भाऊजी," वहिनी म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली.

माझ्या तोंडातून ते दोन शब्द निघेनात.  पलीकडे वहिनींनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"भाऊजी? काय झालंय?"

"वहिनी, त्याने गोळी बंद केलीय. चार-पाच दिवस झाले. उद्या समुद्रात जायचं म्हणून."

तो ताडकन उठला. फोनकडे हात टाकला तेव्हा कुलूपवाल्याने त्याचं मनगट धरलं. "बस खाली," एवढंच म्हणाला.

मला वाटलं होतं, वहिनी रडतील. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, शेवटची गोळी नक्की कधी घेतली आणि बोलताना जीभ जड वाटतेय का. मग मोठ्याने म्हणाल्या, "ऐकतोयस ना तू? दात काढताना गोळी बंद होती ना? त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तुझ्या पोटात इंजेक्शन कोण टोचत होतं? मीच ना? ते कशासाठी होतं असं वाटलं तुला? हौस म्हणून?"

तो ओट्यावर परत बसला. दात काढला तेव्हाची भूल, सूज, दुखणं असं बाकी सगळं त्याला आठवत होतं, ती इंजेक्शनं मात्र तो साफ विसरला होता. गोळी बंद असताना तिची जागा त्या इंजेक्शनांनी घेतली होती. त्याच्या गणितातला अर्धा भाग बायकोच्या हातात होता, आणि तो त्याने हिशेबात धरलाच नव्हता.

पुढचं सगळं वहिनींनी पुण्यात बसून केलं. त्यांच्या डॉक्टरांना गाठलं, आणि चहा गार व्हायच्या आत परत फोन केला. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या, रक्त तपासा, छातीची सोनोग्राफी करा, इंजेक्शन सुरू करा. पाण्यात पाऊल ठेवायचं नाही. असा दवाखाना तासाभरावरच्या गावात होता. तो तास मी मागच्या सीटवर त्याच्या शेजारी बसून काढला. दर थोड्या वेळाने मी त्याला काहीतरी विचारायचो, फक्त तो नीट बोलतोय का ते बघायला. त्याला ते कळत होतं. तो एकेका शब्दात उत्तर द्यायचा, मुद्दाम स्वच्छ उच्चारून. "हो." "नाही." "गप्प."

रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा हवा होता त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. तेवढ्या वेळात मी भिंतीवरच्या पोस्टरवरचं कानडी अक्षर न् अक्षर बघून घेतलं, एकही वाचता येत नसताना. मग ते म्हणाले की झडप हलतेय, गुठळी दिसत नाही.

"दवा बंद करने को किसने बोला?" त्यांनी विचारलं.

"मैंने," तो म्हणाला.

डॉक्टरांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं आणि इंजेक्शन लिहून दिलं.

पुढच्या सकाळी तो किनाऱ्यावर वाळूत बसला होता. कॉलेजातली पोरं फळ्या घेऊन पाण्यात घुसत होती, पडत होती, ओरडत होती. मी जाऊन शेजारी बसलो. त्याने मान वळवली नाही.

"तीन वर्षं मी जपून उठतोय, जपून बसतोय," तो म्हणाला. "घरात मला कुणी साधी बादली उचलू देत नाही. पोरगी फोन करते तर आधी तब्येत विचारते, मग बाबा म्हणते. एकदाच उभं राहायचं होतं रे. पडलो असतो तरी चाललं असतं."

"मग डॉक्टरांना विचारायचं होतंस," माझा आवाज चढला.

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

"म्हणूनच विचारायचं असतं, गाढवा!"

तो उठून निघून गेला. मला रडू फुटलं. अगदी हुंदके देऊन नव्हे, पण डोळे पुसावे लागले. आदल्या संध्याकाळपासून आवरून धरलेलं होतं ते सगळं. कुलूपवाला मागून येऊन म्हणाला, "तू केलंस ते बरोबर केलंस. पण स्पीकर तरी बंद करायचा होतास."

परतीला लागलो. सकाळ-संध्याकाळ वाटेत लागेल त्या दवाखान्यात थांबून इंजेक्शन. वारज्याला पोचलो तेव्हा वहिनी खाली उभ्या होत्या. त्याने बॅग घेतली, गाडीचं दार उघडलं, उतरला आणि मग पुन्हा आत वाकून माझ्याकडे बघितलं.

"तू माझा मित्र होतास," तो म्हणाला. "आता माझ्या बायकोचा झालास. हरकत नाही."

"असू दे," मी म्हणालो. 

या गोष्टीला आता काही महिने झाले. रविवारच्या मिसळीला आम्ही जमतो, तो येतो, पण माझ्या बाजूला बसत नाही. ओळखीच्यांना ट्रिपची गोष्ट सांगतो तेव्हा त्यात समुद्र असतो, फळ्या असतात, आणि सगळ्याचा विचका करणारा एक घाबरट विमावाला असतो. त्याला काही झालं नाही ना, मग मी केलं ते कशासाठी, असा त्याचा सवाल. मी वाद घालत नाही. माझ्या धंद्यात मी फुटलेल्या गाड्या बघितल्या आहेत, न झालेला अपघात कुणाला कसा दाखवायचा ते मला येत नाही. खरंच होणार होता की नाही, तेही मला माहीत नाही. कधीतरी रात्री वाटतं, गेला असता पाण्यात, आला असता हसत बाहेर. त्याच्या बोलण्याने मला लागतं, हे खोटं कशाला सांगू. चाळीस वर्षांची मैत्री आहे, लागणारच.

परवा वहिनींचा फोन आला. स्कूटरचा विमा संपत आला होता, त्याबद्दल विचारायचं होतं. ते झाल्यावर मी विचारलं, "कसा आहे?"

"चिडलेला," त्या म्हणाल्या. "आज सकाळी चहा पिता पिता तुमच्या नावाने शंख चालू होता. आता त्याचं म्हणणं आहे की तुम्ही स्पीकर मुद्दाम लावला होतात."

"रोज असं करतो?"

"रोज. मी गप्प बस म्हटलं की आवाज आणखी चढवतो. शेजाऱ्यांनाही ऐकू जातं हो, लाज वाटते."

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्याचा आवाज आला, चांगला खणखणीत, एकेक शब्द स्वच्छ. "कोण आहे? तोच आहे ना? त्याला सांग, मी घरी नाही!"

"ऐकलंत?" वहिनी म्हणाल्या.

"ऐकलं," मी म्हणालो. "आणखी एकदा म्हणायला सांगा."